दारणेवरची सटकणारी लाँच

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. एका वर्कशॉपात पंधरा-वीस वर्षं काढली की ते आपोआप साठतात, आणि एकदा साठले की सुटे सुटे राहत नाहीत. आम्ही तिघं-चौघं जुने गडी अजूनही शुक्रवारी दुपारी उस्मान मिस्त्रींच्या ओट्यावर चहाला जमतो. कुणीतरी सहज म्हणतं, "ती लाँच आठवते का रे?" झालं! मग घरून बोलावणं आल्याशिवाय कुणी उठत नाही. एक जण सांगायला लागतो, दुसरा त्याला मध्येच तोडतो, "तसं नव्हतं, आधी तेलाची भानगड झाली." म्हणून म्हटलं, आज एकदा ओळीने सांगून टाकावं. चुकलं तर सुधारायला मिस्त्री आहेतच.

ही सन तीसच्या पुढच्या पाच-सहा वर्षांतली हकिकत. नाशकात आग्रा रोडला उस्मान मिस्त्रींचं वर्कशॉप होतं. प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारी, लॉऱ्या, विहिरीवरची ऑइल इंजिनं, जे येईल ते आम्ही उघडायचो. मिस्त्रींचं घर मूळचं विणकरांचं. मागावरचा तुटलेला धागा नुसत्या बोटांनी शोधायची त्यांना लहानपणापासून सवय, म्हणून इंजिनातला बिघाडही ते डोळे मिटून बोटांनी शोधायचे. मी त्यांच्या हाताखालचा फिटर, रघुनाथ. आमची मखमलाबादच्या बाजूला फुलांची शेती. माझ्या अंगाला पेट्रोलचा वास येतो म्हणून आई मला बाजाराच्या शेवंतीच्या टोपल्यांना हात लावू देत नसे.

आणि लाँच होती वामनशेठची. शेठ लाकडाचे व्यापारी. मुंबईच्या बंदरातली एक जुनी लाँच त्यांनी आगगाडीच्या उघड्या डब्यातून आणली आणि दारणेच्या धरणात सोडली. धरण झाल्यापासून पलीकडच्या गावांना बाजाराला, स्टेशनला यायचं म्हणजे पाण्याला मोठा वळसा पडायचा. लाँच झाल्यावर तासाभरात अलीकडे. ती चालवायला शेठनी तिथलाच लक्ष्मण कोळी ठेवला. माणूस पाण्यात वाढलेला, पण इंजिन त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

एक दिवस शेठ आमच्याकडे येऊन म्हणाले, "मिस्त्री, माझी लाँच सटकते."

"म्हणजे?"

"इंजिन बोंबलतं, पण लाँच पुढे जात नाही. गिअरबॉक्समध्ये काहीतरी सटकतंय."

मिस्त्री माझ्याकडे बघून म्हणाले, "चल रघू. मोटारच आहे ती. चाकं नाहीत, एवढंच."

---

मिस्त्रींना पोहता येत नव्हतं, हे मला धरणाच्या काठावर कळलं. अस्वली स्टेशनावर उतरून आम्ही बैलगाडीने गेलो. ते एवढं थोरलं पाणी बघून मिस्त्री काठावरच थांबले. मग त्यांनी हत्यारांच्या ट्रंकेतून एक रिकामा, तोंड झाळून बंद केलेला पेट्रोलचा डबा काढला आणि बुडालो तर तरंगायला म्हणून सुतळीने आपल्या कमरेला बांधला. तो डबा ते नाशकाहून घेऊन आले होते.

लाँच उथळात बांधलेली. मिस्त्री डब्यासकट आत उतरले आणि आम्ही गिअरबॉक्स उघडला. दोन दिवस आम्ही तो खोलत होतो. क्लचच्या प्लेटी पुसल्या, स्प्रिंगा मोजल्या, वंगण बदललं. एकही गोष्ट खराब नव्हती. सगळं परत बसवून इंजिन चालू केलं, लिव्हर पुढे ढकलला. इंजिन बोंबललं. लाँच तसूभर हलली नाही.

मिस्त्रींनी टोपी काढून घाम पुसला. "या गिअरबॉक्समध्ये खोट नाही. मी अल्लाची शपथ घेऊन सांगतो."

लक्ष्मण दोन दिवस काठावर उकिडवा बसून आमच्याकडे बघत होता. तो उठला, धोतर खोचलं, पाण्यात शिरून लाँचच्या मागच्या अंगाला गेला आणि खाली वाकून चाचपडायला लागला. मग म्हणाला, "मिस्त्री, हिला मागं पंखा असतो न्हवं?"

"असतो की."

"त्यो नाय."

पंखा शाफ्टवर पक्का धरून ठेवणारी लोखंडाची चावी झिजून तुटली होती. आधी पंखा शाफ्टवर नुसता घसरत होता, म्हणून लाँच सटकायची. शेवटी तो गळूनच पडला. लक्ष्मणाने पायाने चिखल ढवळून तो शोधून काढला. मिस्त्रींनी कानशीने नवी चावी घासली, आणि संध्याकाळच्या आत लाँच पळायला लागली.

निघताना लक्ष्मण हळूच म्हणाला, "मिस्त्री, एक सांगू का? त्यो डबा सोडा आता. हितं पाणी गुडघ्याएवढंच हाय."

त्या दिवसापासून आमच्या वर्कशॉपात एक नियम झाला. कुठलंही यंत्र आलं की मिस्त्री विचारायचे, "रघू, पंखा आहे का बघितलास?" मग ती पिठाची गिरणी का असेना.

---

त्यानंतर चार-सहा महिने बरे गेले. मग निरोप आला, लाँच पुन्हा सटकते आणि शिवाय वास येतो.

"कसला वास?" मिस्त्रींनी निरोप्याला विचारलं.

निरोप्या जरा लाजला. "भज्याचा."

आम्ही गेलो. लाँच भरलेली होती. इंजिन तापायला लागलं तसा खरोखरच तळणीचा खमंग वास सुटला. फळीवर बसलेला एक म्हातारा गृहस्थ मला विचारतो, "काय हो, तुमी काय खायला पण ठेवलंय का हितं?"

मिस्त्रींनी गिअरबॉक्सचं झाकण उघडून आत बोट घातलं, हुंगलं आणि जिभेला लावलं.

"लक्ष्मण, हे काय आहे?"

"तेल."

"कुठलं?"

"करडीचं. घाण्यावरचं. घरातलंच हाय."

झालं होतं असं, की गिअरबॉक्समधलं वंगण गळून गेलं होतं, नवा डबा नाशकाहून यायचा होता, आणि लक्ष्मणाच्याच गावात एक माणूस ओढ्याच्या दगडावरून पडून मांडीचं हाड मोडून बसला होता. दवाखाना पलीकडे. कोरड्या गिअरबॉक्सने लाँच न्यावी तर सगळंच जळेल, एवढं लक्ष्मणाला कळत होतं. त्याने घरी जाऊन बायकोला विचारलं. सखूबाईने वर्षाच्या तेलाची बरणी उचलून दिली. त्या तेलावर तो त्या माणसाला घेऊन पलीकडे गेला आणि दवाखान्यात पोचवलं. पुढे ते तेल तापून तापून चिकट झालं, प्लेटींवर त्याचा राप बसला आणि त्या एकमेकींना धरेनात.

मिस्त्री रागवायच्या तयारीत होते. हे ऐकल्यावर ते खाली बसले.

"त्या माणसाचं काय झालं?"

"काठी घेऊन चालतोय आता."

आम्ही दिवसभर रॉकेलने प्लेटी धुतल्या. पुढच्या खेपेला मिस्त्री दोन बरण्या घेऊन गेले. एकीत वंगण आणि एकीत करडीचं तेल. सखूबाईच्या हातात ती दुसरी देताना म्हणाले, "वहिनी, ही घरातली. हिच्यातलं लाँचला एक थेंब द्यायचा नाही."

---

तारेचा किस्सा छोटा आहे.

लक्ष्मणाला लिहिता-वाचता येत नव्हतं. एकदा लाँच अडली तेव्हा त्याने एका पेन्शनर गृहस्थांना गाठलं आणि सांगितलं, "शेठना तार करा. लाँच सटकली, लवकर या." गृहस्थांचं इंग्रजी चोख. त्यांनी तार केली की लाँच निसटून गेली आहे.

वामनशेठना वाटलं, चोरीला गेली. दुसऱ्या दिवशी ते एका हवालदाराला बरोबर घेऊन, आणि वाटेत आम्हाला उचलून, धरणावर हजर. हवालदार बैलगाडीतून उतरला तो वही उघडूनच.

"लाँच कुठून सटकली?"

लक्ष्मण म्हणाला, "हितूनच."

"कोणत्या दिशेला गेली?"

"जाती कुठं? सटकलीय न्हवं, मग जागची हलंल कशी?"

हवालदाराने शेठकडे पाहिलं. शेठनी माझ्याकडे पाहिलं. लाँच समोर दहा पावलांवर पाण्यात उभी होती.

लिव्हरच्या सळईतली एक पिन पडली होती. मिस्त्रींनी तिथे खिळा घालून वाकवला, पाच मिनिटांचं काम. शेठनी "गेली नाही ना, मग मिळवलं" असं तीन वेळा म्हटलं आणि सगळ्यांना चहा पाजला. हवालदाराला मात्र वहीत काहीतरी लिहिणं भाग होतं. त्याने बराच विचार करून लिहिलं, "सटकलेली लाँच सटकलेल्या जागीच मिळून आली."

---

आता माझी स्वतःची चूक सांगतो, नाहीतर मिस्त्री सांगतील आणि वाढवून सांगतील.

क्लच सैल पडला की तो सटकतो. त्यासाठी तीन स्क्रू असतात, ते सारखे आणि थोडे थोडे आवळायचे. त्या वेळी मिस्त्रींना ताप होता, म्हणून मी एकटाच गेलो. मनात म्हटलं, दर दोन महिन्यांनी कोण येणार इथे? एकदाच असं आवळतो की पुन्हा बघायला नको. आणि लांब दांड्याचा पाना लावून अंगातलं सगळं बळ काढलं.

क्लच इतका घट्ट बसला की लिव्हर मधे ठेवला तरी तो सुटेना. म्हणजे इंजिन चालू झालं की लाँच निघालीच.

नेमके त्या दिवशी वामनशेठ आले होते. नवं धोतर, काळा कोट, वर उपरणं. काठावरून लाँचमध्ये चढताना त्यांनी एक पाय आत टाकला आणि मी उत्साहाने हँडल मारलं. इंजिन पहिल्याच फेरीला सुरू झालं. लाँच निघाली. शेठचा एक पाय लाँचबरोबर निघाला आणि दुसरा काठाशी राहिला. मधलं अंतर वाढत गेलं. शेठ नुसते माझ्याकडे बघत राहिले, आणि मग शांतपणे पाण्यात बसले.

मी इंजिन बंद करून उडी टाकली. पाणी कमरेएवढं होतं, लागलं काहीच नव्हतं. नोकरी गेलीच, असं धरून मी त्यांना हात दिला. शेठ उभे राहिले, उपरणं पिळलं आणि म्हणाले, "रघुनाथ, सटकत होती तेच बरं होतं रे."

एवढंच. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. मी मात्र त्या दिवसापासून स्क्रू आवळताना पाना दोन बोटांनी धरतो.

---

पारूआजीच्या वेळी आम्ही सगळ्यांत जास्त चक्रावलो.

लाँच फक्त बाजारच्या दिवशी सटकायची. इतर दिवशी झकास. आम्ही जायचो, रिकामी चालवून बघायचो, काही नाही. दगडांची पोती भरून चालवली, तरी काही नाही. आम्ही नाशकात परत आलो की पुढच्या बाजाराला लक्ष्मणाचा निरोप ठरलेला, "सटकली."

मिस्त्री म्हणाले, "यंत्राला वार कळत नाही. माणसाला कळतो. आपण बाजारच्या दिवशी प्रवासी होऊन बसू."

बसलो. लाँच गच्च भरली. टोपल्या, गाठोडी, दोन शेरडं. सगळ्यांत शेवटी पारूआजी नावाची एक म्हातारी आली. माणसांनी आपण होऊन बाजूला सरकून तिला वाट दिली. ती थेट लिव्हरपाशी गेली, खाली बसली आणि कोंबड्यांचं डालगं लिव्हरला टेकवून ठेवलं. लक्ष्मणाने लिव्हर पुढे ढकलला. तो डालग्याला अडला. चार बोटं जायला हवा तो तीन बोटं गेला. क्लच अर्धाच धरला आणि सटकायला लागला.

मिस्त्रींनी माझा हात दाबला. मला हसू आवरेना. सहा महिन्यांच्या फेऱ्या, आणि बिघाड काय, तर कोंबड्या!

मिस्त्री पुढे होऊन अदबीने म्हणाले, "आजी, जरा त्या बाजूला बसता का? इथे यंत्राला अडचण होते."

"न्हाई बा. मी हितंच बसते."

"का बरं?"

आजीने कठड्यावरून पाण्याकडे बोट केलं. "लाँच मधावर गेली का ह्या बाजूनं खाली माझं घर येतं. गाव बुडाला तव्हा मी पोरंबाळं घेऊन निघाले, त्यात मागं वळून बघाया घावलं नाय. आता बघते."

खाली नुसतं हिरवट पाणी होतं. त्यात काही दिसत नव्हतं. लाँच मध्यावर आली तेव्हा आजी वाकून बघत राहिली, मग सरळ बसली आणि शेजारणीशी मिरच्यांच्या भावाचं बोलायला लागली.

लक्ष्मण म्हणाला, "म्या तिला कसं उठवू? तुमी सांगा."

मिस्त्रींनी तिला पुन्हा उठायला सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही नाशकाहून लोखंडी सळई वाकवून आणली आणि लिव्हर तिथून काढून लक्ष्मणाच्या दुसऱ्या हाताला बसवला. दोन दिवसांचं काम होतं. शेठनी विचारलं, "लिव्हर का हलवला?"

मिस्त्री म्हणाले, "पहिली जागा चुकीची होती."

---

प्लेटी झिजतातच. त्या वर्षी इतक्या झिजल्या की स्क्रू आवळायला जागाच उरली नाही. नव्या प्लेटी मुंबईहून यायच्या होत्या. त्या येईपर्यंत लाँच बंद ठेवायची, असं ठरवून आम्ही गिअरबॉक्स खोलून बसलो होतो. सकाळचे नऊ-दहा वाजले असतील. लक्ष्मण पळत आला. मी त्याला कधी पळताना पाहिलं नव्हतं.

"मिस्त्री, सखूचं अवघड झालंय. सुईण म्हणती, हितं नाय व्हायचं. पलीकडं दवाखान्यात न्या."

होडीने न्यायचं तर दोन-अडीच तास, आणि वारा सुटलेला. गिअरबॉक्स आमच्यासमोर उघडा पडलेला, सगळ्या प्लेटी फडक्यावर मांडलेल्या.

"रघू," मिस्त्री म्हणाले, "प्लेटींच्या मागे काहीतरी भर घातली तर त्या दाबल्या जातील. पातळ पत्रा बघ."

पत्रा कुठून आणणार? मी इकडेतिकडे बघतोय, तोवर मिस्त्रींनी आपला जेवणाचा डबा पालथा केला. भाकरी आणि कालवण खाली पडलं. डब्याचं झाकण त्यांनी कातरीने गोल कापलं, मधे भोक पाडलं, प्लेटींच्या मागे बसवलं आणि मी स्क्रू आवळले. दोन बोटांनी. मिस्त्रींची बोटं कुठे चुकली नाहीत.

चौघी बायकांनी सखूबाईला गोधडीत उचलून आणलं. इंजिन चालू झालं. लक्ष्मणाने लिव्हर पुढे सारला आणि डोळे मिटले. लाँच हलली.

मध्यावर लाटा उसळत होत्या. मिस्त्रींच्या कमरेला आज डबा नव्हता. तो बांधायचं त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. ते गिअरबॉक्सवर दोन्ही तळहात टेकवून बसले होते. मधेच म्हणायचे, "लक्ष्मण, कमी कर. तापतंय." मग थोड्या वेळाने, "आता वाढव." सखूबाईचा आवाज आला की ते ओठ मिटून घ्यायचे. त्या पाऊण तासात मी पाण्याकडे पाहिलं नाही, काठाकडे पाहिलं नाही, फक्त मिस्त्रींच्या हातांकडे बघत होतो. ते उचलले गेले नाहीत म्हणजे क्लच धरून आहे.

काठाला लागलो. बायका सखूबाईला घेऊन दवाखान्यात गेल्या, लक्ष्मण त्यांच्यामागे. आम्ही दोघं बाहेर एका दगडावर बसलो. दुपार झाली. जेवण तर पलीकडच्या काठावर सांडलेलं.

शेवटी नर्सबाई दारात आल्या. "मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत."

लक्ष्मण दाराच्या चौकटीला धरून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. मिस्त्रींनी मान वळवून काठाला बांधलेल्या लाँचकडे पाहिलं.

"तिघी," ते म्हणाले.

---

आणि हा शेवटचा. आमच्या ओट्यावर हा कुणी मधेच सांगायला लागला तर बाकीचे त्याला गप्प करतात.

डब्याच्या झाकणाने पुष्कळ दिवस साथ दिली. मुंबईहून प्लेटी आल्या त्या चुकीच्या मापाच्या. त्या परत गेल्या आणि दुसऱ्यांची वाट बघण्यात लग्नसराई सुरू झाली. पलीकडच्या गावात एक लग्न होतं. मुलगी तिथली, सासर अलीकडचं. लग्न लागलं, जेवणं झाली, आणि दुपार कलल्यावर वऱ्हाड नवरीला घेऊन लाँचवर आलं. झाकण कधी दगा देईल सांगता येत नव्हतं, म्हणून शेठनी आम्हाला मुद्दाम लाँचवर थांबवलं होतं.

त्याने नेमका तेव्हाच दगा दिला. लाँच काठापासून वीस हात गेली आणि सटकली. इंजिन बोंबलतंय, लाँच जागच्या जागी. मिस्त्रींनी झाकण उघडून बघितलं आणि मान हलवली. प्लेटी काळ्या पडल्या होत्या.

काठावर सगळं गाव उभं. नवरीची आई पाण्यात घोट्यापर्यंत उतरलेली. इकडे नवरीचा सासरा लाल झालेला. "सूर्य बुडायच्या आत मला सून उंबऱ्याच्या आत पाहिजे," तो म्हणाला.

मिस्त्री माझ्याकडे बघून म्हणाले, "रघू, पुढे जायच्या प्लेटी गेल्यात. पण रिव्हर्सचा पट्टा वेगळा असतो. तो शाबूत आहे."

"म्हणजे उलटी न्यायची?"

"दुसरं काय?"

सासरा उसळला. "नवी सून मी उलटी नेऊ? उलट्या पायांचं कोण असतं, ठाऊक नाय का तुमाला?"

इतका वेळ पदरात तोंड घालून हुंदके देणारी नवरी पहिल्यांदाच बोलली, अगदी हळू. "मामंजी, उलटी का होईना, पोचू द्या."

सासऱ्याने पाण्याकडे पाहिलं, सूर्याकडे पाहिलं आणि हात झटकला. लक्ष्मणाने वल्ह्याने लाँचचं तोंड गावाकडे फिरवून घेतलं आणि लिव्हर मागे ओढला.

लाँच उलटी जायला लागली की सुकाणू ऐकत नाही. लक्ष्मण मागे वल्हं घेऊन उभा राहिला आणि त्याने दिशा धरली. लाँचमध्ये बसायच्या फळ्या आडव्या, सगळ्यांची तोंडं पुढच्या टोकाकडे. नेहमी पुढचं टोक जायच्या काठाकडे असतं. आज ते नवरीच्या गावाकडे होतं.

तिने डोळे पुसले आणि पदर मागे सारला. समोर तिची आई उभी होती. एरवी पाठवणीला काठावरच्या माणसांना पोरीची पाठच दिसते. आज आई तिचं तोंड बघत होती आणि ती आईचं. लाँच मागे मागे सरकत होती आणि दोघी एकमेकींकडे बघत होत्या. कुणी हात केला नाही, कुणी हाक मारली नाही. आई ठिपक्याएवढी झाली, मग गाव ठिपक्याएवढं झालं. नवरीचं रडणं केव्हा थांबलं ते मला कळलंही नाही. मधे एकदा सासऱ्याने नवऱ्या मुलाला डिवचलं, "सरक की जरा. तिला दिसंना."

सूर्य बुडायच्या आत आम्ही पोचलो.

पुढे बरोबर मापाच्या प्लेटी आल्या. मिस्त्रींनी स्वतः बसवल्या, भरल्या लाँचने चार फेऱ्या मारून पाहिल्या. लाँच बाणासारखी जायला लागली. वर्षभर धरणावरून एकही निरोप आला नाही. मिस्त्री म्हणायचे, "रघू, सुटलो एकदाचे."

मग पुढच्या लग्नसराईत वामनशेठ घाईघाईने वर्कशॉपात आले. "मिस्त्री, लाँच परत उलटी चालते म्हणतात. दोघा-तिघांनी डोळ्यांनी पाहिली. एकदा नाही, चार-पाच वेळा."

मिस्त्रींचा चेहरा उतरला. त्याच दुपारच्या गाडीने आम्ही निघालो. ट्रंकेत प्लेटी, स्प्रिंगा, पट्टा, होतं नव्हतं ते सगळं भरलेलं. काठावर पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. दूर पाण्यावर लाँच दिसली. मागचं टोक आमच्याकडे, पंखा पाणी उडवतोय, माणसं पाठमोरी. सरळ सरळ उलटी येत होती.

मिस्त्री ट्रंकेवर बसले. "नव्या प्लेटी, रघू. मी माझ्या हातांनी बसवल्या होत्या."

लाँच जवळ आली. लक्ष्मण मागे वल्हं धरून उभा होता. मिस्त्री पाना घेऊन उठले, तसेच गुडघाभर पाण्यात शिरले आणि लाँचच्या कडेला हात टाकून म्हणाले, "काय सटकतंय, लक्ष्मण?"

"काय नाय सटकत, मिस्त्री," लक्ष्मण म्हणाला. "नवरी हाय."

मिस्त्रींनी पाना कोटाच्या खिशात टाकला आणि तिला उतरायला जागा करून दिली.